टेबलावर मीठ मिळणार नाही

३ मार्च, सोमवार

डॉक्टरने ही वही लिहायला सांगितली आहे. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, वरून मीठ घेतलं का, सगळं लिहायचं आणि पुढच्या खेपेला दाखवायचं. दवाखान्यातून घरी येतायेताच हिने वही घेतली. डॉक्टरचा शब्द हिला एका फटक्यात पाठ होतो. माझा इतक्या वर्षांत एकही झालेला नाही.

तर लिहितो. पण खाल्लेलं लिहिणार नाही. मी खानावळ चालवतो. खाल्लेलं लिहीत बसलो तर खायला घालणार कधी? या वहीत मला वाटेल ते लिहीन. डॉक्टरसाठी दुसरी वही करीन. तिच्यात रोज काकडी.

त्याचं म्हणणं, रक्तदाब वाढलाय, वरून मीठ घेणं बंद. मी म्हटलं, "कमी करतो." तो म्हणाला, "कमी नाही, बंद." तेवढ्यात ही मध्ये पडली. "डॉक्टर, हे चव घ्यायच्या आधीच मीठ घेतात हो. ताट आलं की हात आधी बरणीकडे. घासही घेतलेला नसतो." मला चोरी करताना पकडल्यासारखं सांगितलं.

डॉक्टरने विचारलं, "न चाखता कसं कळतं तुम्हाला, मीठ कमी आहे ते?"

मी म्हटलं, "आभाळ भरलंय हे कळायला भिजावं लागतं का?"

तो हसला. हसला, पण चिठ्ठीवर 'मीठ' लिहून त्याच्याभोवती गोल काढला आणि गोलावर काट मारली. मला कुणी काट मारली की माझं डोकं फिरतं.

रात्री भातावर नेहमीपेक्षा दुप्पट घेतलं.

५ मार्च, बुधवार

आज गर्दी कमी होती म्हणून बसून लिहितो. ही वही पुढे कुणाच्या हाती लागली तर त्याला कळावं की मी मिठाबद्दल उगाच बोलत नाही.

आमची खानावळ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गोदामातले हमाल, ट्रकवाले, क्रेनवाले, जहाज कंपनीचे कारकून असे सगळे जेवायला येतात. जेवण एकच: रस्सा, भात, पाव, बटाटे आणि त्या दिवशीची एखादी भाजी. भिंतीवर पाटी आहे, "टेबलावर मीठ मिळणार नाही." ती मी खानावळ उघडली त्याच दिवशी लावली. टेबलावर मीठ ठेवणं म्हणजे आचाऱ्याने हात झटकणं: मी शिजवलंय, पुढचं तुझं तू बघ. माझ्याकडे मीठ मी बघतो. वाढायला काढायच्या आधी पातेल्याशी उभा राहतो, चमचाभर चाखतो आणि मुठीने सोडतो. माझ्याशिवाय पातेल्यात चमचा घालायची कुणाला मुभा नाही. आमचा आचारी इतका उंच आहे की सगळे त्याला खांब म्हणतात; त्यालाही नाही, आणि रश्श्यासाठी हाडं उकळून पाणी काढणाऱ्या हिलाही नाही.

मी या धंद्यात दुसऱ्याची भांडी घासत शिरलो. तिथला आचारी आजारी पडला तेव्हा मालकाने विचारलं, "आज मीठ कोण बघेल?" मी हात वर केला. तो अजून खाली घेतलेला नाही.

आणि गिऱ्हाइकाला "कसं झालंय" असं विचारायचं नसतं. ऐकायचं असतं. चव जमली की पहिल्या घासाला टेबलावरचं बोलणं थांबतं. मी पाठमोरा असलो तरी मला ते थांबणं ऐकू येतं. माझ्या कानांवर ही खानावळ उभी आहे.

८ मार्च, शनिवार

घरातली मिठाची बरणी नाहीशी झाली. विचारलं तर ही म्हणते, "संपलं." खानावळवाल्याच्या घरात मीठ संपलं. बायकांना खोटं बोलायचं असलं की चांगलं तरी बोलावं.

मी गोळ्यांची रिकामी डबी धुऊन वाळवली, तिच्यात खानावळीतलं मीठ भरलं आणि खिशात टाकली. जेवताना ही पाणी आणायला उठली की काम फत्ते. डबीचं झाकण उघडताना टक् वाजतं, म्हणून त्याच वेळी खोकतो. ही म्हणाली, "थंडीतला तो ताप गेल्यापासून तुमचा खोकला काही जात नाही." मी म्हटलं, "नाही ना जात."

सकाळचा चहा मस्त होता. तसं म्हटलं तर ही माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत कौतुक केलं नाही की असं होतं. अधूनमधून करत जावं.

१४ मार्च, शुक्रवार

किराणावाल्याशी वाजलं. गेले काही दिवस बघतोय, त्याच्या मिठात दम नाही. पूर्वी एवढ्या पातेल्याला दीड मूठ पुरायची. आता दोन घातली तरी जिभेला पत्ता लागत नाही. आज अडीच घातली.

दुकानात जाऊन विचारलं, "मिठात काय मिसळतोस?"

तो म्हणाला, "मालक, मीठ ही दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू. तिच्यात मिसळायला तिच्याहून स्वस्त काय आणू? वाळू महाग आहे."

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो असतो, पण मी भांडायला गेलो होतो. त्याने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं, "घ्या, चाटून बघा." चाटलं. खारट होतं म्हणायला, पण लांबून हाक मारल्यासारखं. तो तेवढीच चिमूट स्वतःच्या तोंडात टाकून थू थू करायला लागला. नाटकी माणूस.

पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून दुसरं पोतं मागवलं.

१९ मार्च, बुधवार

धंद्यात तेजी आहे. लिंबाच्या सरबताचा खप एकदम वाढला. सोड्याच्या बाटल्याही दुपारीच संपतात. पाण्याचे जग तर भरून पुरे पडत नाहीत. सारखा नळ चालू आणि सारखा काचेचा आवाज. लेकीला म्हटलं, "बघ, उन्हाळा लागला की कसं चालतं." ती गेल्या वर्षी ऑफिसची नोकरी सोडून माझ्या हाताखाली आली, धंदा शिकतेय.

ती म्हणाली, "बाबा, उन्हाळा अजून लागलेला नाही."

"मग लोकांना तहान कशाने लागते?"

ती फडकं घेऊन पुसलेलंच टेबल परत पुसायला लागली.

क्रेनवाल्याने आज अर्धं ताट ठेवलं. हा गडी रोज दोनदा रस्सा मागतो. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?" म्हणाला, "पोट भरलं, मालक," आणि वर दोन ग्लास पाणी प्यायला. पन्नाशी आली की भूक मंदावते माणसाची. क्रेनवर दिवसभर बसून तरी किती भूक लागणार?

२७ मार्च, गुरुवार

आज लेकीने तोंड उघडलं. दुपारचं आवरल्यावर समोर येऊन बसली. "बाबा, एक विचारू? मीठ काही दिवस खांबदादाला घालू द्या ना."

"का?"

"तुम्हाला जरा आराम."

"मीठ टाकायला काय कमरेला दोर बांधून उतरावं लागतं? मूठ उघडायची असते."

"तसं नाही. कधीकधी जरा…" म्हणून थांबली. आईकडून आलेली सवय. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि समोरच्याने घाबरायचं. मी घाबरलो नाही. म्हटलं, "ज्या दिवशी माझ्या हातचं मीठ चुकेल त्या दिवशी गिऱ्हाईक मला तोंडावर सांगेल. कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर."

खांब तांदूळ निवडत होता. मान खाली. खाली म्हणजे तरी माझ्या खांद्याएवढी. त्याला म्हटलं, "तुला काही बोलायचंय?" तो म्हणाला, "माझं कसं, मालक, माझं काहीच नाही." ज्याचं काहीच नसतं तो इतकं बोलत नाही. यात पाणी मुरतंय.

२ एप्रिल, बुधवार

आज ही वही उघडली ती फक्त एवढं लिहायला की मी जिंकलो.

पाण्याचे जग शांत आहेत. ताटं पुसल्यासारखी परत येतात. क्रेनवाल्याने परत दोनदा रस्सा घेतला. आणि आज दुपारी पहिल्या घासाला टेबलावरचं बोलणं थांबलं. स्वच्छ ऐकलं मी. कितीतरी दिवसांनी.

मी काय केलं? काही नाही. रोजच्यासारखीच अडीच मूठ. कधी तीन. म्हणजे मीठवालाच लबाड होता, दुसऱ्या दुकानाचं मीठ एकदाचं लागू पडलं. लेकीला म्हटलं, "खांबाच्या हाती दिलं असतंस तर हे दिवस दिसले असते का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली आणि पटकन आत गेली. तिच्यात हा एक गुण आहे. हरली की वाद घालत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

मी कोठारात कांद्याची पोती मोजत होतो. भिंतीपलीकडे लेक आणि तिची आई. आवाज दबका. दबक्या आवाजात बोलणाऱ्यांना वाटतं आपलं ऐकू जात नाही. माझ्यासारख्याचे कान दबक्या आवाजालाच जागे होतात.

लेक म्हणाली, "त्यांना सांगायचं कोण?"

ही म्हणाली, "मी नाही सांगणार. एवढं एकच तर आहे त्यांचं. ते काढून घेतलं की खुर्चीत बसतील, आणि एकदा बसले की उठायचे नाहीत."

पुढचं ऐकलं नाही. एवढं पुरे झालं. मला खुर्चीत बसवायचं ठरतंय. गल्ल्याजवळ एक गादीवाली खुर्ची, हातात पेपर, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याला मुलांनी असंच बसवलं. पुढे तो कुणी विचारलं तर पाव कुठे ठेवलाय तेही सांगू शकत नसे.

मी मुद्दाम पोतं आपटलं.

मग आत गेलो आणि मिठाच्या डब्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "मी उभा आहे तोवर या डब्याला कुणी शिवायचं नाही. माझे पाय चालतात, हात चालतात, कान तर तुमच्यापेक्षा चांगले चालतात." खांब म्हणाला, "कुणी शिवलेलंच नाही, मालक." तो रडवेला झाला होता. एवढ्या उंच माणसाला रडवेलं होणं शोभत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आजचं सगळं लिहायला हवं. हात अजून गरम आहे.

रक्ततपासणीची तारीख होती. उपाशीपोटी बोलावलं होतं आणि तिथे रांग. अकराच्या आत परत येणं शक्य नाही हे सकाळीच कळलं. थंडीतल्या तापातही मी पातेल्याशी उभा होतो; इतक्या वर्षांत मीठ घालायला मी नाही असा हा पहिला दिवस. निघताना कुणाला सांगावं? लेकीला सांगितलं तर तिचंच खरं झालं. खांबाला सांगितलं तरी तिचंच. म्हणून दारातून म्हणालो, "आज मीठ ज्याला एवढी हौस आहे त्याने घालावं," आणि मागे न बघता निघालो. चांगलं टोचेल असं वाटलं होतं.

परत आलो तो दुपारच्या भर गर्दीत. रस्त्यावरूनच कान टवकारले. आतून काही येत नव्हतं. घास घेतल्यावरची शांतता मला माहीत आहे, ही ती नव्हती. चमचे खाली ठेवलेले होते. मग क्रेनवाल्याचा आवाज आला, "अरे, रस्सा आजारी आहे का? आजाऱ्याचं जेवण देताय आम्हाला?" आणि हशा.

मी मागच्या दाराने गेलो. आत तिघांचं जुंपलं होतं, म्हणून उंबऱ्यापाशीच थांबलो.

लेक म्हणत होती, "खांबदादा, तुम्ही घातलंत ना?"

"मला वाटलं तुम्ही घातलंत, ताई. हौस तुम्हालाच म्हणाले ना ते."

"मला वाटलं आईने."

ही म्हणाली, "मी कशाला डब्याला हात लावू? मी तर हाडांच्या पाण्यातसुद्धा मीठ घालायचं कधीच सोडलंय. म्हटलं, तेवढंच खारट कमी होईल."

मग खांब म्हणाला, "काकू, मीही कांद्यात घालायचं सोडलं होतं."

"आणि मी," लेक म्हणाली, "बाबांनी मीठ सोडलं की त्यांची पाठ वळल्यावर बिनमिठाचे उकडलेले बटाटे टाकत होते. आणि पाणी."

"म्हणजे तिघांनीही?"

"मला वाटलं मी एकटीच करतेय."

"मलाही तसंच वाटलं, ताई."

"आणि चाखलं कुणीच नाही."

"चाखतात ते एकटे मालक."

मग ही म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, "त्यांना चवच लागत नाही गं. तो ताप येऊन गेल्यापासून. मी मागे एकदा चहात साखर घालायला विसरले. ते प्यायले आणि मस्त झालाय म्हणाले. त्याच दिवशी कळलं मला."

मी उंबऱ्यात उभा होतो. आत जावं की उलट्या पावली बंदरापर्यंत चालत सुटावं, कळेना. सगळं एकदम ऐकू आलं: जग, नळ, सोड्याच्या बाटल्या, किराणावाल्याचं थू थू. सगळं मी त्या त्या दिवशीही ऐकलं होतं.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मीठ द्या हो, मीठ." आमच्या पाटीखाली बसून.

मग माझं डोकं फिरलं, आणि ते फिरलं म्हणून बरं झालं. आत गेलो, तिघांच्या मधून मिठाचा डबा उचलला. लेक म्हणाली, "बाबा, बाटल्यांत भरून टेबलावर ठेवू का? आजच्यापुरतं?" मी म्हटलं, "पाटी वाचता येते ना तुला?"

आणि डबा घेऊन बाहेर आलो. पहिल्या टेबलावर क्रेनवाला. त्याच्या ताटावर हात धरला, म्हटलं, "पुरे म्हण." चिमूट सोडत गेलो. तो ढवळून चाखत म्हणाला, "अजून… अजून… पुरे." पुढचं ताट. पुढचं. हमालांचं माप वेगळं, कारकुनांचं वेगळं. एक ट्रकवाला पुरे म्हणेचना, त्याला म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊन ये एकदा." सगळी खानावळ फिरलो. कुणी उठून गेलं नाही.

परत क्रेनवाल्याजवळ आलो. म्हटलं, "मध्ये कितीतरी दिवस खारट होत होतं ना?"

"समुद्र होता, मालक."

"मग बोलला का नाहीस?"

तो पाटीकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडे मीठ मागायची चोरी. जास्त झालं म्हणायची कुणाची छाती?"

मी वर्षानुवर्षं म्हणत आलो की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं.

१७ एप्रिल, गुरुवार

सगळं ऐकलंय हे रात्री हिला सांगितलं. ही रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग ती खिशातली डबी द्या इकडे. खोकून खोकून घसा बसला तुमचा." म्हणजे डबीही माहीत होती. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांचे कान तिखट आहेत.

डबी दिली. डॉक्टरला वाटेल त्याचं ऐकलं. त्याने तसं समजू नये. जे लागत नाही ते जिभेवर कशाला उधळायचं, एवढाच हिशोब आहे. त्याला फोन करून जिभेचं सांगितलं. म्हणाला, "तापानंतर होतं असं. परत येईल, कदाचित नाही येणार." मग म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही काय खाल्लं ते विचारलं होतं. लागलं का, ते नव्हतं विचारलं."

जीभ रजेवर आहे. एवढं मी कबूल करतो. राजीनामा दिलेला नाही.

लेकीला म्हटलं, "खुर्ची घेतलीस का माझ्यासाठी?"

ती म्हणाली, "कसली खुर्ची?"

"गादीवाली."

"बाबा, तुम्ही खुर्चीत बसलात तर आम्हीच पळून जाऊ."

मग तिला नवीन रीत सांगितली. मूठ माझीच. पातेल्याशी मीच उभा राहणार, मीठ मीच सोडणार. चमचा मात्र तिच्या हातात. तिने चाखायचं आणि सांगायचं. हिने हाडांच्या पाण्यात पहिल्यासारखं मीठ घालायचं, खांबाने कांद्यात, आणि बटाटे कुणी लपूनछपून सोडायचे नाहीत. खांबाने विचारलं, "मालक, मीही चाखू का?" मी म्हटलं, "तू आधी वाक."

पाटी आहे तिथेच राहील.

२४ एप्रिल, गुरुवार

आठवडाभर रीत चालू आहे. मी मूठ भरतो, पातेल्यावर धरतो आणि सोडत जातो. ती चमचा बुडवते, फुंकते, चाखते. पहिल्या दिवशी तिचा आवाज निघेना. बापाला पुरे म्हणायचं म्हणजे काय गंमत आहे? आता म्हणते, खणखणीत.

अर्थात ती पुरे म्हणाली की मी लगेच थांबत नाही. आणखी एक चिमूट टाकतो. खानावळ माझी आहे, आणि मुलीने पुरे म्हटल्यावर थांबणारा बाप मी नाही. वर रस्सा उत्तम होतो. बोलणं थांबतं पहिल्या घासाला.

आज ताटं लावताना ती खांबाला हळूच म्हणाली, "ते एक चिमूट जास्त टाकतातच. म्हणून मी एक चिमूट आधीच पुरे म्हणते." खांब फिसकन हसला.

मला ऐकू आलं. मी पाव कापत राहिलो.

उद्या ती पुरे म्हणाली की मी खरंच थांबणार आहे. मूठ मिटणार आणि हात मागे घेणार. एक चिमूट कमी पडेल. मग बघू, डब्यात स्वतः हात घालते की माझ्याकडे वळून मागते.